अकराच्या जागी चार

१२ जानेवारी

दादा,

तुझा पत्ता आईकडे आहे हे मला गेल्या आठवड्यात कळलं. शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीखाली ठेवला होता. मी मागितला नव्हता, तिनेच काढून दिला आणि म्हणाली, "कामाचं लिही. रडगाणं लिहू नकोस." म्हणून कामाचं लिहितो.

बाबांना जाऊन दहा महिने झाले. तेव्हापासून टोळी माझ्याकडे आहे. माणसं सोळा, जॅक एकशे अठ्ठावीस, म्हणजे प्रत्येकाकडे आठ. घर उचलायची पद्धत तू असतानाचीच आहे. भिंतीच्या पायाखाली लोखंडी तुळया सारायच्या, तुळयांखाली जॅक लावायचे, आणि शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या आठही जॅकना पाव फेरा द्यायचा. मग पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची पातळी मोजायची. फरक पाच मिलिमीटरच्या आत असेल तरच पुढची शिट्टी. ती शिट्टी आता माझ्या गळ्यात असते.

सध्याचं घर दुमजली आहे. शेजारचा रस्ता भर पडत पडत वर गेला आणि घर खाली राहिलं. पावसाचं पाणी स्वयंपाकघरापर्यंत येतं. तीन फूट उचलायचं आहे. घर एका निवृत्त शिक्षिकेचं आहे, आम्ही सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणतो. त्यांचे यजमान वरच्या खोलीत अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना हलवणं अवघड, म्हणून दोघंही काम चालू असताना घरातच राहणार आहेत. बाबाही लोकांना राहू द्यायचे.

मी एकट्याच्या डोक्याने काही ठरवत नाही. सल्ल्याला तीन माणसं नेमली आहेत. पहिले काका, कारण ते बाबांचे चुलतभाऊ आणि टोळीत सगळ्यांत जुने. दुसरे दाजी. ताईचा नवरा म्हणजे घरचा माणूस, तो माझं वाईट चिंतणार नाही. तिसरे सहीवाले साहेब. हे इंजिनिअर आहेत. यांच्या सहीशिवाय नगरपालिका परवानगी देत नाही आणि माझं शिक्षण आठवीचं, म्हणून शिकलेला एक माणूस असावा असं वाटलं. रोज जेवणानंतर आम्ही चौघं अंगणात लाकडी ठोकळ्यांवर बसतो. मी वहीतले आकडे वाचतो आणि विचारतो. पहिल्या दिवशीचं जसंच्या तसं लिहितो.

"काका, उद्या पहिली शिट्टी वाजवायची का?"

"वाजवू की."

"दाजी?"

"काका म्हणाले ना? मग झालं."

"साहेब?"

"मी सही केलीये. आता मला काय विचारता?"

तिघांचं एकमत झालं. मला बरं वाटलं. तसं वहीत लिहून ठेवलं.

तुला एवढंच विचारायचं होतं की बाबा कुणाचं ऐकायचं ते कसं ठरवायचे. मी सहा वर्षं त्यांच्या बाजूला वही घेऊन उभा होतो, पण ते मला दिसलं नाही. बाजारातल्या दुकानाच्या कामाबद्दल मी या पत्रात लिहिणार नाही.

तुझा धाकटा


२३ जानेवारी

दादा,

पत्र परत आलं नाही, म्हणजे मिळालं असं धरतो.

घर दीड फूट वर आलं आहे. रविवारी जिन्याच्या मागच्या भिंतीला तडा दिसला. लांबी एक मीटर दहा सेंटिमीटर, रुंदी एक मिलिमीटरहून कमी. मी त्याच्यावर तीन ठिकाणी काचपट्ट्या बसवल्या. तडा स्थिर असेल तर काच तशीच राहते, हलला तर फुटते, हे तुला माहीत आहेच. रोज सकाळी मी येईपर्यंत काका पट्ट्या बघून ठेवतात. आजपर्यंत तिन्ही शाबूत आहेत.

तिघांचंही म्हणणं आहे की तडा जुना असावा, चुन्याखाली झाकलेला होता, आता उघडा पडला. मी त्यांना पुन्हा विचारलं. मग पुन्हा विचारलं. दाजी म्हणाले, "सकाळपासून चौदा वेळा विचारलंस. पंधराव्यांदा विचारशील तेव्हा मी नाही म्हणणार, केवळ बदल म्हणून." सगळे हसले. मीही हसलो. चौदा हा आकडा बरोबर आहे की नाही ते सांगता येत नाही, मी मोजलं नव्हतं.

नळीचे आकडे हल्ली काका वाचतात आणि मी लिहितो. नळी मी हातात घेत नाही. तीन वर्षांत घेतलेली नाही.

जेवण कमी झालं आहे, पण ते कामाचं नाही म्हणून लिहीत नाही.

तुझा धाकटा


३१ जानेवारी

दादा,

काल मला कळलं की पट्ट्या बदलल्या होत्या.

पट्ट्या मी स्वतः कापतो. सात सेंटिमीटर, आणि कडा दगडावर घासून बोथट करतो, येता-जाता कुणाला लागू नये म्हणून. काल धूळ पुसताना माझं बोट कापलं. मग मी मोजल्या. तीनपैकी दोन पट्ट्या साडेसात सेंटिमीटर होत्या आणि त्यांच्या कडा तशाच धारदार होत्या.

दुपारी ठोकळ्यांवर बसल्यावर मी विचारलं, "काका, या पट्ट्या कुणी कापल्या?"

काकांनी दाजींकडे पाहिलं. दाजींनी चहाच्या पेल्यात पाहिलं.

"फुटल्या होत्या," काका म्हणाले. "एक सोमवारी, एक बुधवारी. मी नव्या लावल्या."

"मला का नाही सांगितलंत?"

"तोंड बघ तुझं, पांढरंफटक पडलंय. एक पट्टी फुटली म्हणून सांगितलं असतं तर चार दिवस पोटात अन्न ठरलं नसतं तुझ्या. आमचं लक्ष होतंच ना?"

"साहेब, तुम्हाला माहीत होतं?"

"मला वाटलं, तुम्हाला सांगितलं असेल."

"अरे, चिडू नकोस," दाजी म्हणाले. "सासूबाईंनीच बजावलं होतं, त्याला काहीही सांगायचं तर जरा बेताबेताने."

मी चिडलो नव्हतो. शिट्टी खिशात टाकली, सगळ्यांना जॅकच्या बाजूला ठोकळे रचायला सांगितलं आणि काम बंद केलं. घरी गेल्यावर आईला विचारलं.

"पट्ट्या-बिट्ट्यांचं मला काय कळतंय?" आई म्हणाली. "मी एवढंच म्हटलं होतं की त्याला घाबरवू नका."

"म्हणून त्यांनी सांगितलंच नाही."

"मग तू घाबरत जाऊ नकोस."

बाबा चिडतील म्हणून लोक त्यांना वाईट बातमी सांगत नसत. मी घाबरेन म्हणून मला सांगत नाहीत. भिंतीला त्याने काही फरक पडत नाही.

आता दुकानाचं लिहितो, कारण ते याच कामाचं आहे.

त्या दिवशी तू पूर्वेच्या कोपऱ्यातून ओरडलास, "थांबवा, इथे तुळई बोलतेय." बाबा म्हणाले, "सकाळपासून दुसऱ्यांदा थांबवतोयस. रस्ता पाचपर्यंतच बंद आहे." तू म्हणालास, "नळी बघा." बाबांनी मला विचारलं, "आकडा काय रे?" नळी माझ्या हातात होती. पाणी अकरावर होतं, पाचाच्या बरंच पुढे. बाबा माझ्याकडे बघत होते. मी चार सांगितलं.

मी घाईत चुकलो असं नाही. अकरा दिसलं होतं. वहीत हाताने अकराच लिहिलं, तोंडाने चार म्हणालो. बाबांनी शिट्टी वाजवली. पुढचं तू पाहिलंस. तुळई घसरली आणि टोळीतल्या मिस्त्रींच्या डाव्या पायावर पडली, तीन बोटं गेली. बाबा सगळ्यांसमोर म्हणाले की आकडा बरोबर होता, तुझ्या आरडाओरड्याने माणसं बिचकली आणि हात सुटले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी वहीकडे पाहिलं. आठवड्याने तू गेलास.

ते पान मी फाडून घेतलं होतं. या पत्रात घातलं आहे. बाबांना हे कधीच कळलं नाही. निदान त्यांनी मला कधी विचारलं नाही.

तुझा धाकटा


६ फेब्रुवारी

दादा,

मिस्त्रींकडे गेलो होतो. तेच आपले नाहीबुवा, चहा घेणार का विचारलं तरी आधी "नाही बुवा" म्हणून मग पेला उचलणारे. आता बाजाराच्या मागच्या गल्लीत कुलपं दुरुस्त करतात. दुकान म्हणजे एक टेबल आणि वर पत्रा.

"कुलूप आणलंयस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग गिऱ्हाईक नाहीस. उजेड सोड."

मी बाजूला सरकलो आणि तडा, पट्ट्या, काका, साहेब, सगळं क्रमाने सांगितलं. हातातल्या कुलपाचा खटका बसेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"तीन जण आहेत ना सल्ल्याला? चौथा कशाला, खांदा द्यायला?"

"त्या तिघांना माझी काळजी वाटते."

"मला नाही वाटत."

"म्हणूनच आलो."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुझा बाप आला नसता," ते म्हणाले. मग टेबलावर फडकं टाकून उठले. वाटेत दोन अटी घातल्या. एक, मी नाही म्हटलं की आधी थांबायचं, कारण मागाहून विचारायचं. दुसरी, माझ्यासमोर रडवेलं तोंड करायचं नाही. "मला तुझी कीव आली तर मीही काचा बदलीन."

मास्तरीणबाईंच्या घरी आल्यावर ते तड्याकडे गेलेच नाहीत. जिन्याच्या पायरीवर बूट काढून बसले आणि मास्तरीणबाईंना म्हणाले, "बाई, काम सुरू झाल्यापासून घरात काय काय बदललं?"

"आत्ता सुचलं विचारायला?" बाई म्हणाल्या. "कोठीच्या खोलीचं दार गेल्या शुक्रवारपासून लागत नाही. वर घासतं. त्याआधी खाली घासायचं."

"कुणाला बोललात?"

"कुणाला बोलू? हे चौघं रोज माझ्याच अंगणात बसून एकमेकांना हो हो करतात. मला वाटलं, या वर्गात माझी हजेरी घेत नाहीत."

"कोठीच्या खाली काय आहे?"

"हौद. सासऱ्यांनी बुजवला, मी लग्न होऊन आले त्या वर्षी. विटांचे तुकडे आणि माती टाकून."

एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस नंबरचे जॅक त्या हौदावर उभे होते. ते काकांचे आठ. खाली वाकून पाहिलं तर त्यांचं बूड एका बाजूने चार बोटं जमिनीत गेलं होतं. काका रोज सकाळी तिथे पाचरी ठोकून नळीचा आकडा पाचच्या आत आणत होते. ते म्हणाले, "कामात थोडं इकडं-तिकडं चालतंच." त्यांनी माझ्याशी दगाफटका केला असं मला वाटत नाही. ते माझ्या बाजूने पाचरी ठोकत होते.

आणखी एक शिट्टी वाजली असती तर काय झालं असतं, ते साहेबांनी कागदावर काढून दाखवलं. यजमानांची कॉट बरोबर त्या कोपऱ्यावर आहे.

नाहीबुवांना मी अजून अकराचं सांगितलेलं नाही. आता ते आले आहेत, आणि सांगितलं तर जातील. घर अधांतरी आहे. अशा वेळी सांगणं योग्य की काम झाल्यावर, याचा मी पाच दिवस विचार करू शकेन. पण तो विचार कशासाठी चाललाय ते मला माहीत आहे.

तुझं उत्तर नाही. आग्रहही नाही.

तुझा धाकटा


२४ फेब्रुवारी

दादा,

आधी घराचं. हौद उपसला, काँक्रीट भरलं, ते पक्कं व्हायला दहा दिवस दिले. नाहीबुवांचं पहिलं "नाही" माणसांवर होतं. घरात कुणी असताना उचलायचं नाही. मास्तरीणबाई भडकल्या. "हे घर सोडून मी बाळंतपणालाही गेले नाही, आता तुमच्या जॅकसाठी जाऊ?" मी त्यांना समजावलं नाही. साहेबांचा कागद दिला आणि पट्ट्यांचं, पाचरींचं सगळं सांगितलं. त्यांनी तो परीक्षेचा पेपर तपासावा तसा दोनदा वाचला. "चार माणसं बोलवा कॉटला," त्या म्हणाल्या. "उशी माझी मी घेते." यजमानांना शेजाऱ्यांच्या तळमजल्यावर नेलं. ते इतकंच म्हणाले की सहा वर्षांनी आकाश दिसलं, पण ऊन फार आहे.

अकराचं मी सोळा तारखेला दुपारी सांगितलं, ठोकळ्यांवर, सगळी टोळी बसलेली असताना. उभं राहून सांगितलं. चार वाक्यं होती.

"अकरा?" नाहीबुवांनी विचारलं.

"अकरा."

"आणि तू चार म्हणालास."

"हो."

त्यांनी आपल्या डाव्या बुटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "तीन वर्षं मी तुझ्या भावाला शिव्या घालतोय. रोज सकाळी बूट चढवताना एक. आता त्या सगळ्या तुझ्या नावावर करायच्या म्हणजे मला वेळ लागणार." आणि ते उठून गेले.

काका म्हणाले, "काय मिळालं सांगून? होता तो एक माणूस घालवलास." आईला दाजींकडून कळलं. तिने मला विचारलं, "त्याला लिहिलंस?" मी हो म्हणालो. तिने मशीनवरचं कापड काढलं आणि संध्याकाळपर्यंत शिवत बसली. माझ्याशी ती अजून नीट बोलत नाही. ते बरोबर आहे.

दोन दिवस नाहीबुवा आले नाहीत. मी शिट्टी वाजवली नाही. तिसऱ्या दिवशी आले, दारातूनच विचारलं, "म्हातारा बाहेर काढलास?"

"काढला."

"मग चल. तोंड बघायला नाही आलो तुझं."

आता मी सगळ्यांना एकत्र बसवून विचारत नाही. एकेकाला घराच्या वेगवेगळ्या बाजूला गाठतो, वयाने लहान असतील त्यांना आधी, काकांना शेवटी, आणि स्वतःचं मत कुणाला सांगत नाही. मास्तरीणबाईंना रोज दारं-खिडक्या विचारतो. पट्टी फुटली तर जो पहिल्यांदा बघेल त्याने तिथूनच मोठ्याने ओरडायचं, असं ठरलं आहे. परवा एक जण ओरडला तेव्हा मी सरळ तिथे जाऊन पट्टी पाहिली. कावळ्याने चोच मारून फोडली होती.

वीस तारखेला, त्या दिवशीच्या नवव्या शिट्टीआधी मी सगळ्यांना विचारलं. सगळे हो म्हणाले. नळी दोनवर, पट्ट्या शाबूत, दारं लागत होती. नाहीबुवा म्हणाले, "नाही."

"का?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही."

"अरे, कारण तरी सांग!"

"असतं तर सांगितलं असतं."

"रस्ता पाचपर्यंत बंद आहे, परत परवानगी काढायला दोन दिवस जातील. सोळा माणसं ताटकळत बसवायची तुझ्या मनात काहीतरी आलं म्हणून?"

सोळाही जण माझ्याकडे बघायला लागले. मी शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली. मग म्हणालो, ठोकळे रचा, काम बंद. काका हातातला दांडा टाकून फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले.

आम्ही दोन दिवस शोधलं. साहेबांनी प्रत्येक तुळई ठोकून पाहिली. काहीही सापडलं नाही. तेवीस तारखेला त्याच जागेवरून पुन्हा सुरुवात केली आणि घर तीन फुटांवर गेलं. चारही कोपऱ्यांचा फरक दोन मिलिमीटर. ते "नाही" बरोबर होतं की चूक, हे कळायचा आता मार्ग नाही. नाहीबुवांना विचारलं. ते म्हणाले, "मलाही माहीत नाही. पुढच्या वेळेला विचारशील का, तेवढं मला बघायचं होतं." हे खरं की त्यांनी मागाहून जुळवलं, तेही मला माहीत नाही. पुढच्या वेळेला मी विचारणार आहे.

आता नवं काम आलं आहे. तीन मजली दवाखाना, एका बाजूची भिंत शेजारच्या इमारतीला जोडलेली. असं काम बाबांनी कधी केलं नव्हतं. काका म्हणतात घेऊ या, नाव होईल. दाजी म्हणतात तू म्हणशील तसं. साहेब सही करायला तयार आहेत. नाहीबुवा नाही म्हणतात, पण या वेळी त्यांच्या नाहीमागे माझ्यावरचा राग किती आणि भिंत किती, हे मला वेगळं करता येत नाही, आणि त्यांनाही येत नाही असं ते म्हणाले.

म्हणून तुला विचारतो. सोबत तीन पानं आहेत. पहिल्यावर नकाशा, दुसऱ्यावर मातीचा अहवाल, तिसऱ्यावर जोडभिंतीची मापं. मापं मी स्वतः नळी हातात धरून घेतली आहेत आणि दुसऱ्याकडून तपासून घेतली आहेत. माझं मत कुठेही लिहिलेलं नाही.

घरी ये असं मी लिहीत नाही. तो तुझा प्रश्न आहे. पण मला खूश ठेवायचं किंवा सांभाळून घ्यायचं ज्याला काहीएक कारण उरलेलं नाही आणि ज्याला तुळईचा आवाज कळतो, असा माणूस माझ्या माहितीत तूच आहेस. दहा मार्चपर्यंत दवाखानावाल्यांना कळवायचं आहे. हो किंवा नाही, एक शब्द लिहिलास तरी पुरे.

तुझा धाकटा